काहीच संबंध नाही

प्राध्यापक देवस्थळ्यांनी सत्यवतीला आधी चहा दिला, बिस्किटांची बशी पुढे सरकवली आणि मग सांगितलं, की यंदाच्या अधिवेशनात तिचा निबंध घेता येणार नाही.

"निबंध वाईट आहे असं नाही," ते म्हणाले. "तुम्ही चार वर्षं खपलात हे दिसतंच. पण खाऱ्या विहिरी हा आपल्या मंडळाचा विषय नव्हे."

"मग मंडळाचा विषय कोणता, सर?"

"तोच तर आजवर कुणी ठरवलेला नाही."

ते खरं होतं. वऱ्हाड अभ्यास मंडळ काढलं होतं खुशालरावांनी. ते ढोरांचे डॉक्टर. नोकरीतून मोकळे झाल्यावर त्यांनी अमरावतीत हे मंडळ सुरू केलं आणि नियम एकच ठेवला: ज्यानं स्वतः काही शोधून काढलं असेल त्यानं वर्षातून एकदा यावं आणि चारचौघांत सांगावं, ऐकीव काही नको. त्यामुळे तिथे ताम्रपटावर बोलणारा खाली बसला की बैलांच्या खुरांवर बोलणारा उभा राही. खुशालराव स्वतः गाविलगडच्या वटवाघळांवर बोलत. मनकर्णाबाई नावाची नर्स होती, ती गरोदर बायांना येणाऱ्या रातांधळेपणावर बोले. अकोल्याचे नत्थुजी मास्तर मूळ संख्यांवर बोलत, म्हणजे ज्यांना एक आणि ती संख्या स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही अशा संख्यांवर. त्यातलं कुणाला फारसं कळत नसे, पण लोक शेवटपर्यंत बसून राहत, कारण मास्तरांचा चेहरा बोलताना फार सुंदर दिसे.

देवस्थळे मूळचे पुण्याचे. वाकाटकांच्या ताम्रपटांवर त्यांचं नाव होतं. कॉलेजात शिकवायला ते अमरावतीला आले आणि इथेच राहिले. खुशालराव थकले तसं मंडळाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. ते १९३७ साल होतं.

"गणपतीत पुण्याला गेलो होतो," ते सांगू लागले. "तिथे एकानं आपला वार्षिक अंक उघडला. ताम्रपटानंतर वटवाघूळ, वटवाघळानंतर मूळ संख्या. म्हणाला, देवस्थळे, हा अंक आहे की आठवडी बाजार? सगळे हसले. मीही हसलो. मग रात्रभर मला माझीच लाज वाटत राहिली."

नागपूरची एक मोठी संस्था मंडळाला आपल्या पंखाखाली घ्यायला तयार होती. ग्रंथालय मिळणार होतं, अंक चांगल्या कागदावर निघणार होता. अट एवढीच, की मंडळानं एकच विषय धरावा, वऱ्हाडचा प्राचीन इतिहास. अधिवेशनात तसा ठराव यायचा होता.

"त्या संस्थेत फक्त इतिहासच चालतो?" सत्यवतीनं विचारलं.

"छे, तिथे सगळंच आहे. पण तिथे प्रत्येक विषयाला आपापली इमारत आहे." ते थोडे पुढे झुकले. "तुमच्यासाठी मी विचार केला आहे. तुम्ही वऱ्हाडातल्या जुन्या बारवांवर लिहा. शेवटी विहिरीच त्या. यंदा तेवढं वाचा. संस्थेच्या रसायनशाळेत एक जागा निघते आहे, माझा शब्द तिथे चालतो."

सत्यवती तिशीची होती. अकोल्याच्या माळ्याची मुलगी, नागपूरहून विज्ञानाची पदवी घेतलेली, अमरावतीला मुलींच्या शाळेत शिकवणारी. तिची प्रयोगशाळा म्हणजे शाळेच्या सामानखोलीतला एक कोपरा. बाटल्या औषधांच्या दुकानातून मागून आणलेल्या, आणि तराजू असा की खिडकी उघडी राहिली तर वाऱ्यानं हलायचा. काचेच्या पेटीतला तराजू तिनं कॉलेजात असताना वापरला होता. तो तिच्या स्वप्नात येई, यात काही अतिशयोक्ती नाही.

"विचार करून सांगते," ती म्हणाली.

शनिवारी शाळा सुटल्यावर ती बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याला गेली. तिचे वडील किसनराव मोर्णेच्या काठी मळा करत. ती पोचली तेव्हा ते वांग्याच्या वाफ्यात पाणी देत होते. बांधावर बसून तिनं सगळं सांगितलं.

"घेऊन टाक," किसनराव म्हणाले.

तिला वाटलं होतं ते रागावतील. "पण बाबा, माह्या विहिरी?"

"विहिरी काय पळून जातेत का? आधी नोकरी घे, तराजू घे, मंग पाह्यत बस किती पाह्याचं ते. बारवावर दोन पानं लिहाले का जाते तुहं?"

रात्री भरीत-भाकरी खाताना किसनरावांनी विषय पुन्हा काढला आणि तिनं होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती मामाच्या गावाला गेली. हे गाव अकोल्याच्या उत्तरेला, पूर्णेच्या खोऱ्यात. तिकडच्या पट्ट्याला खारपाण म्हणतात, कारण काळ्या जमिनीखालचं पाणी खारट. गावोगाव विहिरी असून प्यायला पाणी नाही. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, आणि त्यानं भिजवलेलं शेत दोन-चार वर्षांत पांढरं पडतं. सत्यवती दर महिन्याला इथल्या विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून नेई. त्यात चांदीच्या क्षाराचे थेंब टाकले की पाणी दुधाळ होई. जितकं खारट तितकं दाट. चार वर्षांत तिला दिसलं होतं ते असं, की पावसाचं गोडं पाणी वर तरंगत राहतं आणि खारं पाणी खाली असतं. उथळ विहीर हिवाळाभर पिण्याजोगी राही. पाणी कमी पडलं म्हणून लोक तीच विहीर खोल करत, आणि ती कायमची बिघडे.

मामी, पार्बताबाई, तिला थेट चावडीकडेच घेऊन गेली. पाटलांनी गावविहीर खोल करायला माणसं बोलावली होती.

"थांबा म्हन त्याईले," मामी म्हणाली. "तू शिकेल हायेस, तुहं आयकतीन."

सत्यवतीनं पाटलांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे कोनं सांगतलं?"

"म्याच पाह्यलं."

"तसं नाई. कोठी छापून आलं का? अमरावतीच्या सभेत कोनी बोललं का? गावाले म्या काय सांगू, किसनराव माळ्याची पोट्टी म्हनते म्हनून?"

"डिसेंबरात बोलनार हाय मी," ती म्हणाली.

"मंग तवापर्यंत थांबतो," पाटील म्हणाले. त्यांचा स्वर मोकळा होता, चिडवत नव्हते.

अमरावतीला परत आल्यावर ती देवस्थळ्यांकडे गेली आणि म्हणाली की बारवांवर लिहिणार नाही, खाऱ्या विहिरींवरच वाचेन.

"तुमचं नाव कार्यक्रमात नाही, सत्यवतीबाई."

"ठराव अजून झाला नाही, सर. तोवर जुना नियम आहे."

तिथून ती खुशालरावांकडे गेली. तिला वाटलं होतं की म्हातारा पेटून उठेल. ते खाटेवर उन्हात बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "बाई, मी आता किती दिवसाचा सोबती? मंडळ टिकलं पाह्यजे. नागपूरवाले टिकवतीन. माह्ये वटवाघळं राह्यले बाहेर तर राह्यले, तसेबी ते अंधारातलेच."

"काका, तुमचाच नियम होता."

"हो, होता," खुशालराव म्हणाले आणि पाय उन्हात आणखी पुढे केले. सत्यवती त्यांच्यावर इतकी रागावली की नमस्कार न करताच निघाली.

अधिवेशन अंबागेटजवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये भरलं. नागपूरचे पाहुणे पहिल्या रांगेत बसले होते, वयस्कर, मऊ बोलणारे गृहस्थ. देवस्थळ्यांनी ठराव मांडला. बोलले चांगले, मुद्द्याचं बोलले. ज्ञानाला शिस्त लागते, म्हणाले. दहा दिशांना एक-एक पाऊल टाकणारा माणूस घरातच राहतो, म्हणाले. टाळ्या पडल्या. मग त्यांनी सभेकडे पाहून विचारलं, "वटवाघूळ, मूळ संख्या, गरोदर बाईचे डोळे आणि खारी विहीर, यांचा एकमेकांशी संबंध काय? कुणी मला तो दाखवावा. मी ठराव मागे घेतो."

आणि मागच्या रांगेतून खुशालराव उठले.

काठीवर भार देत ते म्हणाले, की संबंध आहे. वटवाघळं किडे खातात. किडे कमी झाले की पीक चांगलं येतं. पीक चांगलं आलं की बाई पोटभर खाते, आणि पोटभर खाल्लं की डोळे...

इथे कुणीतरी हसलं. मग आणखी काही जण हसले. "अन् मूळ संख्या, डॉक्टरसाहेब?" एका वकिलानं विचारलं. खुशालराव गोंधळले. "त्याचंबी असन काहीतरी," ते म्हणाले, आणि हसू हॉलभर पसरलं. म्हातारा उभाच राहिला. बसायचं कसं तेच जणू विसरला.

सत्यवतीला व्यासपीठावर जायचं होतं ते निबंध वाचायला. ती आता निबंध तसाच ठेवून उठली. शाळेत, सभेत, देवस्थळ्यांच्या कॅम्पातल्या बंगल्यात ती पुस्तकी मराठी बोलत असे. तिनं ती मेहनतीनं कमावली होती. त्या क्षणी तिला ती सुचलीच नाही.

"काहीच संबंध नाई," ती म्हणाली.

देवस्थळे वळले. "काय म्हणालात?"

"संबंध नाई म्हनते मी. काका, तुमी बसा, तुमी उगीच जोडून राह्यले. सर विचारून राह्यले संबंध काय, तर उत्तर हे हाय की काहीच नाई. वटवाघळाचा विहिरीशी नाई, विहिरीचा ताम्रपटाशी नाई. अन् तो काहून पाह्यजे? ज्याले जे दिसलं ते तो पाहून राह्यला. एवढंच."

पाहुणे मध्येच बोलले. अतिशय सौजन्यानं बोलले. "बाई, तुमच्या कामाविषयी देवस्थळ्यांनी मला सांगितलं आहे. पाण्याचा प्रश्न लोकोपयोगी आहे. ठरावात तेवढा एक अपवाद घालता येईल, मला वाटतं. इतिहास आणि लोकोपयोगी विषय, असं."

हॉलमध्ये पसंतीची कुजबुज झाली. देवस्थळ्यांनीही मान हलवली; त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच सुटकेचा भाव होता. सत्यवतीला पूर्णेकाठचे पाटील आठवले. एक हो म्हटलं की निबंध वाचून होणार होता, छापून येणार होता, विहीर वाचणार होती.

तिनं नत्थुजींकडे पाहिलं. ते खिडकीशी बसले होते, मांडीवर कागदांची गुंडाळी.

"मास्तर," तिनं विचारलं, "तुमच्या संख्येचा काही उपयोग हाय का?"

नत्थुजींनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाई," ते म्हणाले. "मले तरी सापडला नाई."

"मंग अपवादात मास्तर बसत नाईत," सत्यवती पाहुण्यांना म्हणाली. "अन् ते बसत नसतीन तर मीबी नाई बसत. माह्यं काम उपयोगाचं हाय म्हनून मी करत नाई. मले तिथं खारं पानी दिसलं अन् मले समजून घ्याचं होतं, म्हनून करते. मास्तर त्याच्याचसाठी करतेत. उपयोग निंघाला तर निंघाला."

"हा हट्ट आहे," देवस्थळे म्हणाले.

"हो, हाय."

मनकर्णाबाई बायकांच्या बाजूला बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माह्याबी नावाचा अपवाद करू नका," आणि पिशवी उचलली.

ठराव मताला टाकला तेव्हा इतके हात वर झाले की मोजायची गरज पडली नाही. ग्रंथालय कुणाला नको होतं? सत्यवती पायऱ्या उतरली. मागे काठीचा आवाज आला म्हणून थांबली, तर खुशालराव येत होते. त्यांचे डोळे ओले होते, पण आवाज नेहमीचाच होता.

"तू मले सर्वांसमोर बस म्हनलं," ते म्हणाले.

"हो, काका."

"बरं केलं. नाईतर मी मूळ संख्येलेबी किडे खाऊ घातले असते." आणि ते दोघं पायरीवर उभे राहून हसले.

नागपूरची जागा अर्थातच दुसऱ्या कुणाला मिळाली. शाळेतही वाऱ्यावर गोष्ट गेली. मुख्याध्यापिकेनं सामानखोलीची किल्ली काढून घेतली, कारण सांगितलं उंदरांचं. सत्यवतीनं बाटल्या अकोल्याला नेल्या आणि किसनरावांच्या मळ्यातल्या खोपटात मांडल्या. किसनराव महिनाभर तिच्याशी नीट बोलले नाहीत. मग एके दिवशी त्यांनी स्वतःच खोपटाला कुडाची भिंत बांधून वारा अडवला, आणि त्याविषयीही काही बोलले नाहीत. पाटलांनी उन्हाळ्यात गावविहीर खोल केली. ती खारट झाली. पार्बताबाईनं निरोप धाडला तेव्हा सत्यवती रात्रभर जागी होती. आपण त्या दिवशी अपवाद घेतला असता तर, हा विचार तिला सोडेना. पण पुन्हा तशीच वेळ आली तर आपण तेच करू, हेही तिला माहीत होतं, आणि ते माहीत असणं काही सुखाचं नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात, ठरावावरून बाहेर पडलेल्यांची वेगळी सभा अकोल्याला भरली. कापसाच्या एका जिनाचं, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याचं, आवार मिळालं. रविवार होता, यंत्रं बंद होती. लोक सरकीच्या पोत्यांवर बसले. कोपऱ्यात शेणाच्या गोवऱ्यांवर हुरडा भाजत होता. अमरावतीहून काही जुने सभासद आले, आणि माळी आले, शाळामास्तर आले, जिनातले हमाल आले. नांदगाव खंडेश्वरच्या एकानं आपल्या तालुक्यातल्या शेतांची नावं गोळा केली होती. कोणतं नाव कशावरून पडलं ते त्यानं सांगितलं. खुशालराव वटवाघळांवर बोलले. मनकर्णाबाई बोलल्या तेव्हा बाया उठून प्रश्न विचारू लागल्या, हे अमरावतीच्या हॉलमध्ये कधी झालं नव्हतं. नत्थुजींचं कुणाला कळलं नाही.

सत्यवती शेवटी उभी राहिली. अर्ध्यावर आली असताना तिला फाटकाशी देवस्थळे दिसले. कोट, टोपी, हातात छत्री. कुणीतरी त्यांना पोतं दिलं. त्यावर रुमाल अंथरून ते बसले. मग ती मुद्दाम वऱ्हाडीतच पुढे बोलत राहिली. विहीर खोल केली की बिघडते, ती म्हणाली, आणि एकेक विहिरीचा दाखला दिला.

ती थांबल्यावर देवस्थळे उठले.

"एक विचारू?"

"विचारा, सर."

"बिघडलेल्या विहिरींचे दाखले तुम्ही पुष्कळ दिलेत. खोल खोदूनही गोडं पाणी लागलं, अशी एखादी विहीर शोधलीत का?"

"तशी मले दिसली नाई."

"शोधलीत का, असं विचारतो आहे. एखादा ताम्रपट हाती आला की मी आधी तो बनावट ठरवायला बसतो. ठरला नाही, तर मग खरा मानतो. तुमच्याकडे लोक बिघडलेल्या विहिरींच्याच तक्रारी घेऊन आले असणार. गोड्या विहिरीची तक्रार कोण करील?"

सत्यवतीची कानशिलं तापली. चार वर्षांत, पाच वर्षांत तिला हे सुचलं नव्हतं. सभेत मामाच्या गावचे लोकही होते. काहीतरी बोलून वेळ मारून नेता आली असती.

"नाई शोधली," ती म्हणाली. "तुमी म्हनता ते बरोबर हाय. शोधते आता."

देवस्थळ्यांनी मान हलवली आणि खाली बसले. सभा संपल्यावर खुशालरावांनी त्यांच्या हातात हुरड्याचा द्रोण दिला. देवस्थळे उभ्यानंच खाऊ लागले. सत्यवती जवळ गेली.

"सर, पुढच्या वर्षी तुमी वाचा इथं."

"मी? माझा विषय इतिहास. तुम्ही तर त्याच्यावरून उठून आलात."

"आमी ठरावावरून उठलो. इथं कशालेच बंदी नाई, इतिहासालेबी नाई."

"मंडळाचा अध्यक्ष इथे वाचतो म्हटल्यावर नागपूरला काय वाटेल?"

"ते तुमी पाहा," ती म्हणाली. देवस्थळे हो म्हणाले नाहीत. द्रोण संपवून, हात रुमालाला पुसून ते स्टेशनकडे निघून गेले.

फेब्रुवारीपासून सत्यवती गोड्या विहिरी शोधू लागली. रविवारी बैलगाडीनं, कधी पायी. खारपाणात कुणाला गोड्या, खोल विहिरीविषयी विचारलं तर लोक हसत. काही जण तर चिडत. गोडं पाणी असतं तर आम्ही सांगितलं नसतं का, म्हणत. ऊन वाढलं, तिचे पाय भेगाळले. मनातून तिला वाटत होतं, न सापडली तर बरं; मग आपलं खरं ठरेल. आणि असं वाटतं म्हणूनच ती थांबत नव्हती.

एप्रिलमध्ये एका गावात, नाल्यापासून लांब, एका एकट्या शेतात मालकिणीनं स्वतःच तिला विहीर दाखवली. तिचं नाव गोदाबाई. नवऱ्यानं पाच वर्षांपूर्वी ती खोल केली होती आणि पाणी गोडच राहिलं होतं. गावात सांगितलं तर पाण्याला रांग लागेल, म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

गोदाबाईनं बादली वर ओढली. सत्यवतीनं बाटली भरली, थेंब टाकले. पाणी जेमतेम धुरकट झालं. ती ओंजळ भरून प्यायली.

"गोड हाय ना?" गोदाबाईनं विचारलं.

"हाय."

"मंग तोंड काहून पाडलं बाई?"

"पाच वर्सं मी लोकाईले उलटं सांगून राह्यली होती."

"मंग आता काय करता?"

सत्यवतीनं पदरानं तोंड पुसलं आणि विहिरीत डोकावून पाहिलं. खाली पिवळसर दगडाचा एक पट्टा दिसत होता. असा दगड तिनं दुसऱ्या कोणत्याच विहिरीत पाहिला नव्हता.

"तुमच्याजवळ याच्याहून लांब दोर हाय का?" तिनं विचारलं. "मले या दगडाखालचं, पार बुडातलं पानी पाह्यजे."